फोर व्हील लागत नाही: मोटर बदलण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा

फोर व्हील लागत नाही म्हटलं की ट्रान्सफर केसवरची (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीवरची) शिफ्ट मोटर, म्हणजे फोर व्हील लावणारी मोटर, बदलून टाकायची, असा रिवाजच पडून गेलाय. नवी मोटर बसते, डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा दिवा तसाच लुकलुकत राहतो आणि शेवटी कारण निघतं पुढच्या ॲक्सलजवळ तडकलेली वीतभर रबरी नळी. म्हणून इथला क्रम मुद्दाम फुकटच्या तपासणीपासून सुरू केलाय. पाना हातात घ्यायची वेळ बरीच उशिरा येते.

हे सगळं पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हबद्दल आहे. म्हणजे एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते आणि लिव्हर ओढून, बटण दाबून किंवा गोल स्विच फिरवून पुढची चाकं जोडावी लागतात. आपोआप जोडल्या जाणाऱ्या ऑल व्हील ड्राइव्हचा मामला वेगळा आहे. त्याबद्दल पुढे थोडं येईल.

लक्षणं आधी नीट पाहा

"लागत नाही" या दोन शब्दांत निरनिराळे बिघाड लपलेले असतात. आपल्या गाडीचा कोणता ते ठरवा:

- स्विच फिरवला तरी काहीच होत नाही. ना आवाज, ना दिवा.
- दिवा लुकलुकतो, स्थिर होत नाही.
- दिवा स्थिर लागतो, पण चिखलात फक्त मागची चाकं फिरतात.
- दिवा लागत नाही, पण वळताना स्टिअरिंग जड होतं आणि गाडी अडखळते. म्हणजे फोर व्हील लागलेलं आहे, खोटा आहे तो दिवा.
- फोर-हाय (नेहमीच्या वेगाचं फोर व्हील) लागतं, फोर-लो (कमी वेगाचं, जास्त जोराचं) लागत नाही.
- लागतं, पण जोर पडला की सुटतं किंवा खालून कटकट असा आवाज येतो.
- लागतं, पण निघत नाही.

कटकट आवाज सोडला तर बाकी सगळ्यांत घरी तपासण्यासारखं बरंच काही आहे. कटकट आवाज येत असेल तर फोर व्हील लावून गाडी चालवणं आजच थांबवा. कारण शेवटच्या भागात आहे.

जोड एक नाही, दोन आहेत

हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. पहिला जोड ट्रान्सफर केसमध्ये असतो. तिथे एक फोर्क दातेरी कॉलर सरकवतो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला, ताकद मिळते. दुसरा जोड पुढच्या ॲक्सलवर असतो. काही गाड्यांत तो चाकाच्या मध्यावरचा लॉकिंग हब असतो, काहींत डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) बाजूला ॲक्सलचे दोन तुकडे जोडणारी सरकती कॉलर. ही कॉलर व्हॅक्यूमवर (इंजिनने तयार केलेल्या हवेच्या ओढीवर) किंवा छोट्या विद्युत मोटरवर चालते. काही गाड्यांत दुसरा जोड नसतोच आणि पुढचा ॲक्सल कायम जोडलेला असतो. तसं असेल तर काम सोपं.

दोन्ही जोड लागले तरच पुढच्या चाकांना ताकद जाते. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र अनेक गाड्यांत यातल्या एकाच जोडाचा निरोप देतो. दिवा लागला म्हणून फोर व्हील लागलं असं धरून चालू नका.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी

लावायची पद्धत चुकतेय का ते पाहा. फोर-हाय लावताना गाडी सरळ रेषेत, स्टिअरिंग मध्यावर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. किती वेगापर्यंत लावता येतं हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तपासणीपुरतं २० ते ३० किमी वेग पुरे. मागची चाकं चिखलात भिरभिरत असताना फोर व्हील लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्या वेळी मागचा शाफ्ट जोरात फिरत असतो आणि पुढचा उभा असतो. अशात दाते दातांत बसणार कसे? बसलेच तर तुटून बसतील.

फोर-लोची शिस्त आणखी कडक. बहुतेक गाड्यांत गाडी थांबलेली आणि गिअर न्यूट्रलमध्ये लागतो. मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबलेला. काही गाड्यांत ब्रेकवरही पाय लागतो. उभ्या गाडीत दात्यासमोर दाता आला तर कॉलर अडते. तेव्हा गाडी माणसाच्या चालीने, ३ ते ५ किमी वेगाने सरकू द्या आणि न्यूट्रलमध्ये असतानाच लावा. तरीही नाही लागलं तर हातभर पुढे-मागे करून पुन्हा बघा.

ज्या गाड्यांत नेमकं फोर-लोच लागत नाही, तिथे संशय आधी न्यूट्रल ओळखणाऱ्या स्विचवर घ्यायचा. गिअर न्यूट्रलमध्ये आहे हा निरोप कंट्रोल युनिटला (फोर व्हील सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला) मिळाला नाही, तर ते मोटरला हुकूमच सोडत नाही. ऑटोमॅटिक गाडीत डॅशबोर्डवर 'एन' हे अक्षर उमटतं का, ते आधी बघून घ्या.

हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही बाजूंचे हब 'लॉक'वर आहेत ना? हसू नका, एक हब विसरलेला असणं हे नेहमीचं कारण आहे. डिफरन्शियल बहुधा उघड्या प्रकारचा (लॉक नसलेला) असतो, त्यामुळे एकच हब लागला तर सगळी ताकद मोकळ्या बाजूने निघून जाते आणि लागलेल्या चाकालाही काही मिळत नाही. हबची डायल अर्धवट अडत असेल तर पकडीने पिळू नका, आतलं प्लास्टिक किंवा स्प्रिंग तुटते. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा हाताने फिरवा.

मग टायर. चारही टायरांची साइज एक असून भागत नाही, झीजही सारखी लागते. पुढे नवे टायर, नक्षी ८ मिमी. मागे झिजलेले, नक्षी ३ मिमी. त्रिज्येत ५ मिमीचा फरक, म्हणजे घेरात ३१ मिमी. ७०० मिमी व्यासाच्या चाकाला यामुळे किलोमीटरमागे साडेसहा फेऱ्यांचा फरक पडतो. पार्ट-टाइम ट्रान्सफर केस पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते, त्यामुळे हा फरक जिरायला जागाच राहत नाही आणि दात्यांवर पीळ बसतो. पीळ बसलेली कॉलर सरकत नाही. लागलेलं फोर व्हील निघत नसेल तर कारण बहुतेक हेच असतं, किंवा कोरड्या कडक रस्त्यावर फोर व्हील लावून घेतलेली वळणं. उपाय: गाडी सरळ रेषेत ५ ते १० मीटर मागे घ्या, पीळ उलगडतो आणि कॉलर आपसूक सुटते. टायरांची हवाही बघा, घेर मोजायचा तर टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून चाकाची एक पूर्ण फेरी चालवा आणि अंतर टेपने मोजा.

फ्यूज, बॅटरी, कनेक्टर

स्विच फिरवून काहीच होत नसेल तर फ्यूजपासून सुरुवात. फोर व्हीलला बऱ्याचदा दोन फ्यूज असतात, एक कंट्रोल युनिटचा आणि दुसरा मोटरचा, आणि दोघांच्या पेट्या वेगळ्या. एक बघून "फ्यूज ठीक आहे" म्हणू नका. डोळ्यांनी बघण्यापेक्षा टेस्ट लॅम्पने दोन्ही टोकं तपासा, बारीक तडा दिसत नाही. रिलेची जागा त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी बदलून पाहिली की तोही प्रश्न मिटतो. नवा फ्यूज लगेच उडाला तर मोठ्या अँपिअरचा बसवायचा मोह टाळा. कुठेतरी वायर घासून बॉडीला लागलीय किंवा मोटर जाम आहे, आणि मोठा फ्यूज म्हणजे वायरिंग जाळायला दिलेला परवाना.

बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. शिफ्ट मोटर थोड्या वेळासाठी बराच करंट ओढते. कमी व्होल्टवर ती अर्ध्यात थांबते आणि मग दिवा लुकलुकत राहतो. इंजिन चालू ठेवून लावल्यावर लागत असेल आणि नुसत्या इग्निशनवर लागत नसेल, तर आधी बॅटरीकडे बघा. व्हॅक्यूमवरच्या गाडीला मात्र ही कसोटी लागू नाही. इंजिनशिवाय तिथे व्हॅक्यूमच तयार होत नाही.

आता गाडीखाली. शिफ्ट मोटरचा कनेक्टर उघडा. पाणी, चिखल, हिरवट बुरशी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळवा, पिना मागे सरकलेल्या नाहीत ना ते बघा. गाडी पाण्यातून नेल्यानंतर आठवड्या-पंधरवड्याने सुरू झालेल्या तक्रारी पुष्कळदा इथेच संपतात.

एक चाक उचला, बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते कळेल

या तपासणीला जॅक, स्टँड आणि पंधरा मिनिटं लागतात. हिच्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण इथून पुढच्या सगळ्या कामाला पैसे लागतात.

सपाट जागी, मातीवर किंवा खडीवर, फोर-हाय लावा आणि गाडी सरळ रेषेत थोडी सरकवा. हब आपोआप लागणारे असतील तर ते बसायलाही ही फेरी लागते. थांबवा, इंजिन बंद करा, स्विच किंवा लिव्हर फोर-हायवरच राहू द्या. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मग पुढचं एकच चाक जॅकने उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही.

या स्थितीत इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, कधीच नाही. बाकीची चाकं जमिनीवर आहेत. ती गाडीला स्टँडवरून खेचून नेतील.

आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघा. थोडा वाव असतोच, तो सोडून द्या.

शाफ्ट मोकळा फिरला तर पहिला जोड लागलेला नाही. बिघाड ट्रान्सफर केस, तिची मोटर, लिंकेज (लिव्हरपासून केसपर्यंतचे दांडे) किंवा वायरिंगमध्ये आहे.

शाफ्ट घट्ट, पण उचललेलं चाक मोकळं फिरतं? मग ट्रान्सफर केसने आपलं काम केलंय. दोष पुढच्या ॲक्सलचा जोड, हब किंवा तुटलेल्या ड्राइव्ह शाफ्टचा. मोटर बदलायची गरज नाही.

शाफ्टही घट्ट आणि चाकही घट्ट असेल तर फोर व्हील लागलेलं आहे. दिव्याचा स्विच तपासा. साध्या दोन पिनांच्या स्विचचा कनेक्टर काढून गाडीकडच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या आणि दिवा लागला, तर स्विच खराब. तीन किंवा जास्त वायरींचा सेन्सर असेल तर हा प्रयोग करू नका.

व्हॅक्यूमवरच्या ॲक्सलमध्ये इंजिन बंद केल्यावर काही वेळाने जोड आपोआप सुटू शकतो, म्हणून तिथे तपासणी रेंगाळू देऊ नका. आणि ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल तर ती चुकूनही त्यात ठेवू नका. गिअर 'पी'मध्ये असला तरी गाडी घरंगळते.

ॲक्सलच्या बाजूला: नळ्या, हब, ड्राइव्ह शाफ्ट

व्हॅक्यूम असेल तर नळी तपासा, टोकापासून टोकापर्यंत. नळी सरळ भागात क्वचित जाते. तडकते ती रबरी कोपऱ्यावर, बॅटरीच्या ट्रेखाली, सायलेन्सरच्या पाइपाजवळ. उंदरांचं आवडतं खाद्यही तेच. ॲक्सलजवळच्या टोकाची नळी काढा, इंजिन चालू करून फोर-हाय लावा आणि बोट टेकवा, ओढ जाणवायला हवी. गेज असेल तर पेट्रोल इंजिनला आयडलवर साधारण १७ ते २१ इंच पारा दिसतो. डिझेलला व्हॅक्यूम पंप असतो, तिथेही ओढ दमदार हवी.

ओढ नसेल तर मागे मागे जात सोलेनॉइडपर्यंत (व्हॅक्यूम चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या झडपेपर्यंत) पोचा. सोलेनॉइडच्या आधी ओढ आहे आणि नंतर नाही, म्हणजे सोलेनॉइड किंवा त्याची वायर. काही गाड्यांत एसीच्या झडपाही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर समोरची हवा अचानक काचेकडे वळत असेल, तर त्याच गळतीचा हा दुसरा पुरावा समजा.

ओढ चांगली आहे आणि तरीही जोड लागत नाही, तर ॲक्च्युएटरचा (व्हॅक्यूमच्या ओढीने कॉलर सरकवणाऱ्या डबीचा) पडदा फाटलाय का पाहा. हातपंपाने १५ इंच व्हॅक्यूम द्या, मिनिटभर काटा हलायला नको. नळीत तेल सापडलं तर मात्र नुसती नळी बदलून भागणार नाही. जुन्या धाटणीच्या गाड्यांत ट्रान्सफर केसवर व्हॅक्यूम स्विच असतो. त्याचं सील गेलं की आतलं ऑइल नळ्यांतून शोषलं जातं आणि सगळी यंत्रणा चिकट करतं. स्विच बदला, नळ्या साफ करा किंवा बदला, ट्रान्सफर केसची ऑइल पातळी भरून घ्या.

लॉकिंग हब उघडायला अवघड नसतात, बाहेरचे बोल्ट काढले की टोपी निघते. आत हमखास दिसतं ते घट्ट झालेलं ग्रीस. बेअरिंगचं जाड ग्रीस हबच्या आत थापून ठेवण्याची खोड पुष्कळांना असते. त्याने सरकता भाग चिकटतो, थंडीत तर हटतच नाही. सगळं पुसून काढा, पातळ थर पुरे. ओ-रिंग नवी टाका, नाहीतर पुढच्या ओढ्यात पाणी शिरेल.

ड्राइव्ह शाफ्टसाठी दोन्ही बाजूंचे रबरी बूट पाहा. फाटलेला बूट, बाहेर उडालेलं ग्रीस, आणि चाक फिरवताना शाफ्टचं एक टोक फिरतं पण दुसरं नाही, म्हणजे जॉइंट तुटलेला. एका बाजूचा तुटला तरी दोन्ही चाकांची ताकद जाते, कारण हबच्या वेळी सांगितलं तेच.

ट्रान्सफर केसच्या बाजूला

लिव्हरची गाडी असेल तर एक माणूस आत बसवा, इंजिन बंद ठेवा, गाडीला ठोकळे लावा आणि खालून बघा. लिव्हर हलते तेवढाच केसवरचा हात हलतो का? मध्ये प्लास्टिकचे बुश असतात. ते झिजले की लिव्हर शेवटपर्यंत जाते, पण हात तीन-चतुर्थांशच सरकतो. मग फोर व्हील लागल्यासारखं वाटतं आणि जोर पडताच सुटतं. गिअरबॉक्सचं माउंटिंग (ज्या रबरावर तो टेकतो ते) दबलं असेल तरीही हेच होतं, कारण केस खाली जाते आणि लिव्हर बॉडीवर राहते. बुश बदलणं स्वस्त काम आहे, तेवढ्याने पुष्कळदा भागतं.

विद्युत मोटर असेल तर कान लावा. स्विच फिरवताना घुर्र आवाज आला, पण जोड लागला नाही, तर मोटरच्या आतली गिअर किंवा केसमधला फोर्क. नुसता टिक आवाज म्हणजे मोटर जाम किंवा करंट कमी. अजिबात आवाज नसेल तर कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावून दुसऱ्या माणसाला स्विच फिरवायला सांगा. फक्त मल्टिमीटरवर विश्वास ठेवू नका. एकाच तारेवर लटकलेली वायरसुद्धा त्यावर १२ व्होल्ट दाखवते आणि मोटर जोडली की कोसळते. अर्थिंगही तपासा. मोटर चालत असताना बॅटरीचा ऋण टर्मिनल आणि मोटरची अर्थ वायर यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंग घासून नव्याने आवळा.

मोटरवर पान्याच्या मुठीने हलकेच टकटक केल्यावर ती फिरली तर कार्बन ब्रश संपत आलेत. हे निदान आहे, दुरुस्ती नाही.

करंट पोचतोय आणि मोटर मुकी आहे, तर ती उतरवा. बहुतेक ३ किंवा ४ बोल्ट असतात. आधी मोटर आणि केस दोन्हींवर खूण करा. मोटरची आणि शिफ्ट शाफ्टची स्थिती जुळली नाही तर नवी मोटरही चुकीच्या जागी जाऊन थांबेल. मोटर निघाल्यावर शिफ्ट शाफ्ट पान्याने हळू फिरवून बघा. टप्प्याटप्प्यावर खटका जाणवत फिरला तर केस आतून बरी आहे आणि मोटर किंवा तिच्यातला स्थिती सांगणारा सेन्सर दोषी. शाफ्ट फिरतच नसेल तर कितीही नव्या मोटरी बसवा, काही होणार नाही. हे करताना केस न्यूट्रलमधून जाते, म्हणून ठोकळे काढू नका.

लुकलुकणाऱ्या दिव्यामागे हा सेन्सर असण्याची शक्यता मोठी. कॉलर कुठे आहे हे कळलं नाही की कंट्रोल युनिट जोखीम घेत नाही, आहे तिथेच थांबतं. कोड वाचायचा असेल तर साधा स्वस्त स्कॅनर पुरत नाही. तो बहुतेक 'पी'ने सुरू होणारे इंजिनचे कोडच दाखवतो. फोर व्हीलचे कोड 'सी' किंवा 'यू'मध्येही असू शकतात, त्यासाठी त्या गाडीला चालणारा स्कॅनर हवा.

ऑइलही पाहून घ्या. आधी भरायचा प्लग उघडा, मगच निचरा करायचा. वरचा प्लग गंजून बसलाय हे सगळं ऑइल खाली गेल्यावर कळणं परवडत नाही. गाडी सपाट असताना पातळी भोकाच्या खालच्या काठाला हवी. एकूण ऑइल बहुधा १ ते २ लिटर असतं. काही केसना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लागतं, काहींना ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल. पुस्तिकेतलंच भरा. चुंबकावर राखाडी लगदा चालतो. टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा चालत नाही.

आपोआप लागणारी यंत्रणा असेल तर

तिथे वरची चाक उचलण्याची तपासणी उपयोगाची नाही, कारण इंजिन बंद असताना पुढची-मागची चाकं जोडणारा क्लच बहुधा मोकळाच असतो. दोन गोष्टी बघा. वाळूत किंवा चिखलात बराच वेळ चाकं घसरली की क्लच तापतो आणि स्वतःला वाचवायला सुटतो. १५ मिनिटं थांबून परत लागला तर बिघाड नाही, दमलाय. आणि एबीएस किंवा इंजिनचा दिवा लागलेला असेल तर आधी तो बिघाड काढा. एका चाकाचा वेग सांगणारा सेन्सर गेला तरी बऱ्याच गाड्या मागची ताकद मुद्दाम तोडतात.

इथे थांबा, मेकॅनिककडे जा

जोर पडल्यावर कटकट किंवा उड्या मारल्यासारखा आवाज म्हणजे बहुतेक ट्रान्सफर केसची साखळी सैल होऊन दात्यांवरून उडतेय. तशीच चालवली तर ती केसचं ॲल्युमिनियम आतून खरवडत जाते. शिफ्ट शाफ्ट हाताने न फिरणं, ऑइलमध्ये धातूचे तुकडे, लावलेलं फोर-लो वारंवार सुटणं, पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज, जळका वास, तुटलेला ड्राइव्ह शाफ्ट, ही सगळी त्याच रांगेतली. ट्रान्सफर केस उतरवायला वजन पेलणारा खास जॅक लागतो आणि उघडल्यावर वॉशरांची जाडी जुळवावी लागते. पुढचा डिफरन्शियल उघडणंही अंगणात करायचं काम नव्हे. कंट्रोल युनिट बदललं तर काही गाड्यांत ते गाडीशी जुळवून प्रोग्राम करावं लागतं.

जाताना "फोर व्हील चालत नाही" एवढंच सांगू नका. प्रोपेलर शाफ्ट घट्ट होता की मोकळा, चाक फिरलं की नाही, कनेक्टरवर करंट होता का, हे लिहून न्या. आणि फोर व्हील लागून अडकलेली गाडी दोन चाकं उचलून ओढून न्यायला देऊ नका. जमिनीवरची चाकं ट्रान्सफर केसमधून उचललेल्या चाकांना फिरवत राहतात आणि केस आतून फुटू शकते. चारही चाकं वर राहतील अशा सपाट ट्रकवरूनच ती न्यायची.